न दिसणारा खांब : एका बाहुलीघराच्या कामाची वही

११ फेब्रुवारी २०२४

नातीला वाढदिवसाला बाहुलीघर हवं आहे. वाढदिवस जूनच्या शेवटी. दुकानातलं पाहून आलो. प्लास्टिकचं, गुलाबी, खिडक्यांना बदामाचे आकार. "मी करून देतो," असं बोलून बसलो. लेक म्हणाली, "बाबा, वेळेत होणार असेल तरच काढा." चौतीस वर्षं सरकारी बांधकामात काढलेल्या बापाला ती वेळेत म्हणजे काय ते शिकवते आहे.

साइट: गॅरेजचा मागचा कोपरा. हत्यारं: जावयाची करवत, माझा गुण्या, एक मोठं भिंग.

घर कुठलं तेही ठरलं. इथं लंडनमध्ये ब्लूम्सबरी भागातून बस जाते तेव्हा दोन्ही बाजूंना दिसतात तसलं. शेजाऱ्याला चिकटून रांगेत उभं, विटांचं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. इथं त्याला जॉर्जियन म्हणतात, कारण १७१४ ते १८३० या काळात गादीवर एकामागून एक चार जॉर्ज बसले. माप १:२४, म्हणजे फुटाला अर्धा इंच.

१४ फेब्रुवारी

नकाशाआधी नियमावली बघायची, ही जुनी खोड. इथंही ती आहेच: लंडनचा १७७४ चा इमारत कायदा. मसुदा सर रॉबर्ट टेलर आणि धाकटा जॉर्ज डान्स या दोन वास्तुकारांचा. वाचून फार बरं वाटलं. घरांचे वर्ग पाडलेत, किमतीवर आणि तळाच्या क्षेत्रफळावर. ८५० पौंडांच्या वर किंमत आणि ९०० चौरस फुटांच्या वर जागा असेल तर पहिला वर्ग. ३०० ते ८५० पौंड आणि ५०० ते ९०० फूट हा दुसरा. मग तिसरा, आणि १५० पौंडांच्या आत, ३५० फुटांच्या आत तो चौथा. कुठल्या वर्गाची भिंत किती जाड, तेही लिहिलेलं. टाइप वन, टाइप टू क्वार्टर्स मी आयुष्यभर बांधली. मूळ पुरुष इथं भेटला.

आमचं घर २० फूट रुंद, ३० फूट खोल. सहाशे चौरस फूट, दुसरा वर्ग. मापात १० इंच बाय १५ इंच. दर मजल्यावर एक पुढची खोली, एक मागची, कडेनं बोळ आणि जिना. लंडनभर थोड्याफार फरकानं हाच नकाशा, कारण जमीन उमरावांची, रस्त्याकडेची जागा फुटांवर मोजलेली, आणि ठेकेदाराला ती भाडेपट्ट्यानं मिळालेली, बहुतेक ९९ वर्षांच्या. सुरुवातीच्या काळापुरतं भाडं नाममात्र, मिरीच्या एका दाण्याइतकं, असं करारातच लिहीत. खरं भाडं सुरू व्हायच्या आत सांगाडा उभा करून विकून मोकळं व्हायचं. ही घाई पुढे विटांत दिसेल.

१८ फेब्रुवारी

दर्शनी भिंत कापली. सहा मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबीव फळा. तळमजल्यावर दार आणि दोन खिडक्या, वरच्या तीन मजल्यांवर तीन-तीन. एकूण अकरा खिडक्या, सगळ्या सारख्या, सारख्या अंतरावर. संध्याकाळी अभिमानानं दाखवली.

ही म्हणाली, "अहो, हे आपलं सोलापूरचं क्वार्टर झालंय."

आणि झालंच होतं. नात काही बोलली नाही, म्हणजे तिलाही आवडलेलं नाही.

२० फेब्रुवारी

बेडफर्ड स्क्वेअरला जाऊन आलो. चारही बाजू बऱ्याचशा मूळ स्वरूपात शिल्लक असलेला हा लंडनमधला चौक. बांधकाम १७७५ ते १७८३. टेपनं मोजायला कोणी देणार नाही, म्हणून विटांचे थर मोजले. बारा इंचांत साधारण चार थर, एवढ्यावर सगळ्या उंच्या निघतात. नात थर मोजत होती, मी लिहीत होतो. पुढून जाणाऱ्या एका बाईंना वाटलं आम्ही पक्षी बघतोय.

निकाल: एकाही मजल्याची खिडकी दुसऱ्या मजल्यासारखी नाही. तळमजल्याची बेताची. पहिल्या मजल्याची सगळ्यांत उंच, रुंदीच्या दुपटीच्याही वर. दुसऱ्याची त्याहून आखूड. सगळ्यांत वरची जवळजवळ चौरस. रुंदी मात्र सगळीकडे तीच. वर जाताना खिडकी आखडत जाते आणि डोळा न अडखळता वर सरकतो. पहिला मजला उंच, कारण पाहुणे तिथं बसत. नोकरचाकर पार वर, छपराखाली.

दरवाज्यांभोवती खडबडीत ठोकळ्यांची कमान आणि मधल्या ठोकळ्यावर दाढीवाला चेहरा. हा दगड नव्हे, भाजलेली माती. एलेनॉर कोड नावाच्या बाईंनी १७६९ मध्ये लॅम्बेथचा कारखाना हाती घेतला आणि हा कृत्रिम दगड अख्ख्या देशाला विकला. साच्यातून काढायचा, म्हणून एकच चेहरा अनेक दारांवर. अडीचशे वर्षांत नाक झिजलेलं नाही. पेणच्या कारागिरांनी बघावं असं काम.

चौकाच्या प्रत्येक बाजूच्या मधोमध गिलावा केलेला, त्रिकोणी शिखराचा भाग आहे, म्हणजे अख्खी रांग लांबून एकाच राजवाड्यासारखी दिसते. त्यावर चपटे अर्धखांब. नातीनं उत्तरेच्या बाजूचे मोजले: पाच. मी पुन्हा मोजले. पाचच! खांब सम संख्येत असावेत आणि मध्यावर मोकळी जागा यावी, हा देवळाचा नियम. माणूस मधून आत जातो. इथं मध्यावरच खांब. कारण सरळ आहे: मधल्या भागात एक नव्हे, दोन घरं आहेत, आणि त्यांची सामाईक भिंत बरोबर मध्यावर येते. तिथं खिडकी निघणार कुठून? जाणकारांनी या पाचव्या खांबाला पुढे बरीच नावं ठेवली. मला तो माणूस आपला वाटला. साइटवर असंच होतं.

२१ फेब्रुवारी

रात्री जागून उलगडा झाला, तो लिहून ठेवतो.

मुंबईला एशियाटिकच्या पायऱ्यांवर मी कितीदा बसलो असेन. १८३३ मध्ये पुरा झालेला तो टाउन हॉल; त्याचे डोरिक, म्हणजे साध्या माथ्याचे ग्रीक खांब समोर उभे असतात, शंका घ्यायला जागाच नाही. खाली चौथरा, वर खांब, त्यावर आडवी पट्टी, वर त्रिकोण. ग्रीक देऊळ. बेडफर्ड स्क्वेअरच्या साध्या घरावर यातलं काहीच नाही, नुसती वीट आणि भोकं, तरी त्यालाही अभिजात म्हणतात. का?

कारण खांब तिथं आहे, फक्त काढून घेतलेला आहे. तळमजला म्हणजे चौथरा. पहिला आणि दुसरा मजला मिळून खांबाची उंची. वरची कंगणी म्हणजे खांबावरची आडवी पट्टी, आणि तिच्यावरचा मजला हा वरचा बोजा. आधीच्या शतकात या जागी खरोखर अर्धखांब लावत. पुढे खर्च वाचवायला ते गेले, त्यांनी ठरवलेली अंतरं राहिली. म्हणून पहिल्या मजल्याची खिडकी उंच, म्हणून वरची चौरस. सारख्या खिडक्या कापताना मी खांबाचंच प्रमाण मोडलं होतं.

नवीन एमडीएफवर आधी पेन्सिलीनं चार अर्धखांब काढले, त्यांच्या मधल्या जागेत खिडक्या आखल्या, मग खांब खोडले. नात म्हणाली, "आजोबा, मग काढले कशाला?" दुपारी कापून पुन्हा दाखवली. ही काही बोलली नाही, म्हणजे पास.

३ मार्च

छप्पर. एका संध्याकाळचं काम, कारण ते दिसायचंच नाही. लाकडी वळचणीवर आग एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारते. १६६६ ला शहर जळालेलं. म्हणून १७०७ च्या कायद्यानं लाकडी वळचण बंद केली आणि भिंतच माळ्याच्या जमिनीच्या वर अडीच फूट न्यायला लावली. उतरतं छप्पर त्या कठड्यामागे लपलं, आणि माथ्यावर सरळ रेघ आली. शिंगल्सऐवजी कार्डबोर्डच्या पट्ट्या, पाटीच्या दगडाचा रंग. झालं.

९ मार्च

खिडक्या. दोन वर्षांनी, १७०९ ला, आणखी एक नियम: लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून चार इंच आत बसवा. हेतू आगीचाच. माझ्या मापात ४.२ मिलिमीटर, सहा मिलिमीटरच्या भिंतीत बरोबर मावलं. बसवून दिवा तिरपा धरला आणि थक्क झालो. प्रत्येक भोकाला सावलीची कड आली, भिंत एकदम जाड आणि भारदस्त वाटायला लागली. १७७४ च्या कायद्यानं तर वरखाली सरकणाऱ्या खिडकीची पेटी, म्हणजे कप्पी आणि वजनं असतात ती, विटांच्या मागे दडवायला लावली. बाहेरून लाकडाची बारीक किनारच दिसते. रोमची शिस्त म्हणून आपण जिचं कौतुक करतो, तिच्यात निम्मा वाटा अग्निशमनाचा.

१६ मार्च

तावदानं. आठ खिडक्यांना बारा-बारा, वरच्या तिघींना सहा-सहा. एकूण ११४.

एवढी लहान का? काच फुंकून, नळीवर गरागरा फिरवून तिची तबकडी करत. मध्ये गाठ राहते, तिच्या भोवतीच्या भागातून तुकडे कापायचे. मोठं तावदान निघतच नाही. त्यात काचेवर वजनावर जकात, जी १८४५ पर्यंत चालली, म्हणून काच शक्य तितकी पातळ. शिवाय खिडक्यांच्या संख्येवर वेगळा कर, १६९६ पासून १८५१ पर्यंत. लोकांनी खिडक्या बुजवल्या त्या यापायी. पण दिसतात त्या सगळ्या बुजवलेल्या खिडक्या करामुळे नाहीत. आत धुराडं किंवा आडभिंत आली तरी बाहेरची रांग मोडू नये, म्हणून कित्येक ठिकाणी खोटी खिडकी मुद्दाम पहिल्यापासून बुजलेलीच बांधत.

काचेच्या मधल्या पट्ट्या शतकाच्या सुरुवातीला दीड-दोन इंच जाड होत्या, शेवटाकडे पाऊण इंचाच्याही खाली आल्या. माझ्या मापात ०.७ मिलिमीटर. लाकडात जमेना. तीन दिवस, भिंगाखाली, ताठ कागदाच्या पट्ट्या. ही म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन करून आलात ते यासाठी?"

३० मार्च

विटा. दर्शनी भिंतीला, खिडक्या वजा जाता, साधारण सहाशे चौरस फूट. फ्लेमिश बाँड, म्हणजे एकाच थरात एक वीट लांबीत, एक तोंडाकडून, आलटूनपालटून. एकूण चार हजारांच्या वर तोंडं भरतात. एकेक चिकटवायची? पहिले तीन थर चिकटवले, मग नाद सोडला. भिंतीवर पातळ लांबी (पुट्टी) फिरवली आणि ओली असताना खिळ्यानं दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, ओढल्या.

लबाडी आहे, पण परंपरेला धरून. या घरांची दर्शनी वीट चांगली, महाग. मागची मिळेल ती. खऱ्या फ्लेमिश बाँडमध्ये तोंडाकडून दिसणारी वीट भिंतीत आडवी आत जाऊन दोन थर बांधून धरते. घाईतला ठेकेदार चांगल्या विटेचे दोन तुकडे करी आणि दोन्ही तोंडं बाहेरून लावी. बाहेरून बाँड दिसे, आतून काहीच बांधलेलं नसे. अशा कित्येक भिंतींना पुढे पोट आलं. शंभर वर्षांनी पट्टा संपला की घर जमीनमालकाचं. ठेकेदारानं तरी किती काळजी करावी? मी पाहिलेल्या काही ठेकेदारांना एवढीही मुदत लागली नाही.

दर्जाभरणीतही गंमत. आधी विटेच्याच रंगाचा चुना भरून दर्जा बुजवायची, मग त्यावर पांढऱ्या चुन्याची सुतासारखी रेघ ओढायची. लांबून वाटतं, काय घडीव विटा आहेत! मी पांढऱ्या पेन्सिलीनं ओढल्या. तळमजल्याला गिलावा केला आणि त्यावर दगडाचे खोटे सांधे आखले.

१३ एप्रिल

बाथ या गावाला सगळे गेलो, लेकीला सुट्टी होती म्हणून. रॉयल क्रेसेंट. धाकटा जॉन वुड, १७६७ ते १७७५. तीस घरांची एकच अर्धचंद्र भिंत, मधाच्या रंगाचा दगड. तळमजला अगदी सपाट, आणि त्यावर दोन मजले उंच आयोनिक (माथ्यावर वेटोळी असलेले) खांब, एकूण ११४. माझी तावदानं तेवढीच! नातीला सांगितलं तर ती म्हणाली, मग हिशेब बरोबर आहे. इथं खांब काढून घेतलेले नाहीत, सगळे जागेवर आहेत. मी वहीत पेन्सिलीनं खोडले, ते असे उभे.

मागच्या गल्लीतून चक्कर मारली, तिथं खरी मजा. गिऱ्हाईक विकत घ्यायचं ते दर्शनी भिंतीची लांबी. मागचं घर स्वतःच्या वास्तुकाराकडून हवं तसं. म्हणून मागे एक छप्पर वर, एक खाली, कुणाचा सज्जा पुढे, कुणाच्या नळ्या भिंतीवर. समोरून राजवाडा आणि मागून चाळ. लेक म्हणाली, "बाबा, पुढच्या बाजूचे फोटो घ्या ना." घेतले चार.

४ मे

लिंकन्स इन फील्ड्स, लंडनमधलाच एक चौक. दोन कामं.

एक, पश्चिमेच्या बाजूला लिंडसी हाउस, १६४० च्या सुमाराचं. तळमजला चौथऱ्यासारखा, वर दोन मजले उंच आयोनिक अर्धखांब, वर पट्टी, कठडा. फेब्रुवारीत पेन्सिलीनं काढले तेच, फक्त खरे. नात लगेच म्हणाली, "हे खोडायला विसरले."

दोन, उत्तरेच्या बाजूला सर जॉन सोन या वास्तुकाराचं घर, आता संग्रहालय, प्रवेश फुकट. यानं आपल्या १३ नंबरच्या घराला पोर्टलंड दगडाची कमानदार ओसरी पुढे काढली. १८१२ मध्ये विभागीय तपासनिसानं १७७४ च्याच कायद्याखाली खटला भरला: बांधकाम रेषेबाहेर. सोन जिंकला, ओसरी अजून आहे. तपासनिसाच्या बाजूनं मला वाईट वाटलं.

याच सोननं १८३३ ला अ‍ॅडम बंधू या वास्तुकारांच्या कचेरीतली सुमारे नऊ हजार चित्रं विकत घेतली. ती इथंच आहेत. म्हणजे आता छत.

११ मे

रॉबर्ट अ‍ॅडम, जन्म १७२८, स्कॉटलंड. त्याच्या आधीच्या पिढीचा गुरू पॅलेडियो: सोळाव्या शतकातला इटालियन, त्याचा १५७० चा ग्रंथ उघडायचा आणि त्यातली प्रमाणं उचलायची. रोम समजून घ्यायचं ते त्याच्या डोळ्यांनी. अ‍ॅडमच्या पिढीला हे पुरेना. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेली रोमन शहरं, हर्क्युलेनियम १७३८ पासून आणि पाँपेई १७४८ पासून, खणायला लागले होते. रोमन माणूस देवळात नव्हे, घरात कसा राहत होता ते दिसू लागलं. स्टुअर्ट आणि रेव्हेट हे दोघे वास्तुकार अथेन्सला जाऊन तिथल्या जुन्या इमारती मोजून आले, त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६२. अ‍ॅडम १७५७ मध्ये एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर स्प्लिटला गेला, सम्राट डायोक्लेशियनचा पडका राजवाडा पाच आठवड्यांत माणसं लावून मोजला आणि १७६४ ला छापला. देऊळ नव्हे, राहतं घर! यालाच नवअभिजात म्हणायचं: ऐकीव माप सोडून स्वतः टेप धरणं. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच पटतं.

त्यानं काढलेला निष्कर्ष असा, की रोमन लोक देवळाची जड नक्षी घरात वापरत नसत. म्हणून त्याची छतं हलकी: मध्ये पंख्यासारखं वर्तुळ, भोवती बारीक वेली, कलश, अंडाकृती चौकटी, आणि मागे फिकट हिरवा, गुलाबी, निळा रंग. हे सारं जागेवर कोरलेलं नसे, पुष्कळ भाग साच्यातले. चुलीच्या चौकटीवरची नक्षी खडू, सरस, राळ आणि जवसाचं तेल मळून लाकडी साच्यात दाबत. मी खडूची पूड आणि फेव्हिकॉल मळलं, नातीच्या खेळण्यातल्या एका बटणाचा साचा केला. सोळा पाकळ्यांचं फूल, नऊ प्रती. नात म्हणते गुलाबी हवं. अ‍ॅडमही तिच्या बाजूनं आहे, मी हरलो.

त्यांची फजितीही लिहून ठेवायला हवी. चार भावांनी १७६८ ला थेम्सकाठी कमानींवर रस्तेच्या रस्ते उभे करायला घेतले आणि नाव दिलं अ‍ॅडेल्फी, ग्रीकमध्ये 'भाऊ'. १७७२ ला बाजारात पैशाचा खडखडाट झाला, आणि शेवटी संसदेच्या परवानगीनं लॉटरी काढून घरं खपवावी लागली. नदीकडची मुख्य रांग १९३६ ला पाडली. लिअर्डे नावाच्या माणसाच्या गिलाव्याचे हक्कही त्यांनी घेतले. त्यावर खटला झाला आणि गिलावा भिंतीवर टिकलाही नाही. गिलाव्यानं माझ्याही नोकरीत एकदा दगा दिला होता, पण तेव्हा माझ्याकडे लॉटरी नव्हती.

१९ मे

जिना. खरा दगडी: प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत, दुसरं मोकळं, आणि पायरी खालच्या पायरीवर टेकलेली. लोखंडी कठडा. आमचा बाल्सा या हलक्या लाकडाचा, पण रचना तीच, खाली आधार नाही. नातीच्या बाहुल्यांचं वजन पेललं.

पोर्टमन स्क्वेअरच्या २० नंबरच्या घरात अ‍ॅडमनं १७७० च्या दशकात काचेच्या घुमटाखाली गोल जिना केला, त्याचे फोटो बघत होतो. घर होमच्या काउंटेसचं, म्हणजे उमराव घराण्यातल्या बाईंचं. बाई जमैकात जन्मलेल्या. पैसा तिथल्या उसाच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा. बर्कली स्क्वेअरच्या ४५ नंबरात रॉबर्ट क्लाइव्ह राहिला आणि १७७४ मध्ये तिथंच मेला. कायदा झाला त्याच वर्षी. त्याचा पैसा कुठला, ते आपल्याला सांगायला नको. नातीला हे कसं सांगावं याचा विचार करत होतो; तिनं शाळेत साखरेचं आधीच शिकलेलं निघालं. क्लाइव्हचं नव्हतं. ते मी सांगितलं.

९ जून

तळघर आणि पुढचा खड्डा. तळघरात स्वयंपाकघर, पुढे उघडा खंदकासारखा चौक, पलीकडे फुटपाथाखाली कोळशाची कोठी. कोळसेवाला फुटपाथवरची गोल लोखंडी झाकणी उघडून पोतं ओतणार. घरात पाऊल नाही. तळघरासाठी खणलेली माती रस्त्यावर टाकून रस्ताच उंच करत, त्यामुळे पुढून तळघर आणि मागून जवळजवळ जमिनीवर. म्हणून माझी मागची पातळी पुढच्यापेक्षा तीन इंच खाली.

दारावरची अर्धगोल काच आज बसवली. बोळाला दुसरा उजेडच नाही, म्हणून ती. चांदीच्या तारेचे पंख्यासारखे आरे, जुन्या पैंजणाची तार हिनं दिली. सगळ्या कामात हा भाग उजवा झालाय.

२८ जून

उद्या वाढदिवस. दर्शनी भिंत बिजागरीवर उघडते. दिवाणखान्यात नातीनं आजच चोरून एक हिरवा डायनासोर बसवला. छत उंच असल्यानं तो मावला.

बाकी: कोळशाची झाकणी (बटण सापडेना), दाराचं कडं, मागची भिंत. मागच्या भिंतीला वीट ओढलेली नाही, खिडक्या उरलेल्या तुकड्यांच्या, एक दुसरीहून बोटभर वर. लेकीनं विचारलं, "बाबा, हे असंच?" म्हटलं, बाथला जाऊन आलीस ना? मागची बाजू भिंतीला लावून घर मांडलं.